टी-शर्टवरचा रंग का बिघडतो? सबलिमेशन छपाईतले घोळ ओळखूया, दुरुस्त करूया



शिवणकामाच्या जोडीला टी-शर्ट छपाईचं काम आता बऱ्याच गटांनी हाती घेतलं आहे. गणपती मंडळाचे टी-शर्ट, १४ एप्रिलच्या जयंतीचे, दिंडीचे, शाळेच्या क्रीडास्पर्धेचे, गावातल्या क्रिकेट संघाचे, अशा ऑर्डरी वर्षभर येत राहतात. एक प्रिंटर, एक हीट प्रेस आणि एक संगणक असला की एका खोलीत काम सुरू होतं. पण गटांच्या बैठकीत तक्रार मात्र पुन्हा पुन्हा एकच ऐकू येते: "ताई, संगणकावर दिसला तसा रंग शर्टावर आलाच नाही."

मंडळाने भगवा सांगितला आणि आला विटकरी. जयंतीचा निळा मागितला आणि आला जांभळा. फोटोतल्या माणसाचा चेहरा हिरवट दिसला. मग शर्ट परत येतात, पैसे अडकतात, कर्जाचा हप्ता तोंडावर असतो आणि गटात एकमेकींवर बोट दाखवणं सुरू होतं. खरं म्हणजे रंग बिघडण्याची कारणं मोजकीच आहेत आणि बहुतेक कारणं आपल्या हातातली आहेत. ती कशी ओळखायची आणि कशी दुरुस्त करायची, ते या धड्यात पाहू.

शाई कपड्यात उतरते कशी?

आरतीचा कापूर उघडा ठेवला तर हळूहळू नाहीसा होतो. तो वितळून पाणी होत नाही, थेट हवेत उडून जातो. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तसंच. घट्ट पदार्थाची थेट वाफ होणं म्हणजेच सबलिमेशन. आपल्या प्रिंटरमधल्या शाईचा रंग याच गुणाचा असतो. आधी तो कागदावर छापला जातो. मग गरम प्रेसखाली त्याची वाफ होते आणि ती वाफ पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. गरम असताना धागा सैल होतो आणि रंगाला आत घेतो. थंड झाला की आवळतो आणि रंग आतच अडकतो. म्हणून नीट झालेली छपाई हाताला लागत नाही, भेगाळत नाही आणि धुतल्यावर जात नाही.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, हा रंग पॉलिएस्टरलाच धरतो. सुती कपड्यावर तो नुसता वर बसतो आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात निघून जातो.

दोन, या छपाईत पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा भाग म्हणजे शर्टाचा स्वतःचा रंग. म्हणून शर्ट पांढरा किंवा अगदी फिकट हवा. पिवळ्या शर्टावर निळं छापलं तर हिरवट दिसणारच. काळ्या शर्टावर काहीच उठत नाही.

तीन, कागदावर छापून आलेलं चित्र मळकं आणि फिकं दिसतं. ते तसंच दिसायला हवं. खरा रंग उष्णता लागल्यावर खुलतो. कागदावरचा फिका रंग पाहून घाबरून संगणकात रंग गडद करू नका.

आधी बिघाडाची जागा शोधा

रंग चुकला की आपण लगेच प्रेसचं तापमान वाढवतो, नाहीतर प्रिंटरची सफाई सुरू करतो. असं अंदाजाने करत गेलं की शाईही जाते आणि शर्टही. रंग पाच ठिकाणी बिघडू शकतो: कपडा, संगणकातली फाइल, प्रिंटर, कागद आणि हीट प्रेस. यातलं नेमकं कोणतं, हे शोधायला तीन गोष्टी टेबलावर मांडा.

१. प्रिंटरची नोझल तपासणी करून निघालेलं पान. प्रत्येक प्रिंटरमध्ये ही सोय असते. चारही रंगांच्या रेघा अखंड हव्यात.

२. प्रेस करून झाल्यावर उरलेला कागद. तो फेकून देऊ नका, तो बरंच काही सांगतो.

३. बिघडलेला शर्ट. तो उन्हाच्या उजेडात, दारात नेऊन पाहा. ट्यूबच्या आणि एलईडीच्या उजेडात रंग वेगळा भासतो.

आता असं वाचा. नोझलच्या पानावर रेघा तुटलेल्या असतील तर दोष प्रिंटरचा. रेघा ठीक आहेत, पण प्रेसनंतरही कागदावर बराच रंग शिल्लक आहे, तर उष्णता, वेळ किंवा दाब कमी पडला. थोडा रंग कागदावर नेहमीच राहतो, तो चालतो. कागदावरचा रंग बऱ्यापैकी उतरला आहे, तरी शर्ट फिका, तर कपड्यावर संशय घ्या. आणि रंग उजळ आहे पण चुकीचा आहे, तर दोष फाइलमध्ये किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये.

अजून एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमान, वेळ आणि फाइल तिन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

तक्रार पहिली: रंग फिका आला

सर्वांत आधी कपडा तपासा. व्यापारी "ड्राय-फिट आहे, चालतो" म्हणतो, पण त्यात सूत मिसळलेलं असू शकतं. आतल्या लेबलवर १०० टक्के पॉलिएस्टर लिहिलंय का ते पाहा. लेबल नसेल तर शर्टाच्या आतल्या कडेच्या कापडाचा धागा काढा. शिलाईचा दोरा घेऊ नका, कारण तो बहुधा पॉलिएस्टरचाच असतो आणि फसवतो. तो धागा चिमट्यात धरून मोकळ्या जागी, पाण्याची वाटी जवळ ठेवून पेटवा. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक गोळी होते. सुताचा जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. दोन्ही लक्षणं दिसली तर मिश्र कापड आहे. मिश्र कापडावर पॉलिएस्टरच्या भागापुरताच रंग बसतो, म्हणून चित्र कायम थोडं उडालेलं दिसणार. हे ग्राहकाला आधीच सांगायचं.

कपडा बरोबर असेल तर प्रेसकडे वळा. टी-शर्टसाठी साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअस, ४५ ते ६० सेकंद आणि मध्यम दाब वापरतात. तुमच्या शाईच्या आणि कागदाच्या पाकिटावर जे दिलं असेल तिथून सुरुवात करा. वेळ मोजायची ती प्रेस बंद झाल्यापासून. दाब पाहायची सोपी युक्ती अशी: प्रेस थंड असताना चारही कोपऱ्यांत कागदाची एकेक पट्टी ठेवून झाकण लावा आणि पट्ट्या ओढून पाहा. चारही सारख्याच घट्ट बसल्या पाहिजेत. एखादी सहज निघाली तर त्या कोपऱ्यात दाब नाही.

मग दोन साध्या गोष्टी बघा. कागद उलटा छापला गेला का? सबलिमेशन कागदाला छापायची एकच बाजू असते आणि ती सहसा जास्त पांढरी असते. आणि प्रिंटर "ड्राफ्ट" किंवा साध्या गुणवत्तेवर आहे का? तसं असेल तर कागदावर शाईच कमी पडते. गुणवत्ता "हाय" ठेवा.

एक गोष्ट नक्की लक्षात असू द्या. फिका आलेला शर्ट दुसरा कागद लावून पुन्हा प्रेस करू नका. चित्र केसभरही सरकलं तरी दुहेरी दिसतं आणि शर्ट हातचा जातो.

तक्रार दुसरी: एखादा रंगच गायब

प्रिंटरमध्ये चार रंग असतात: निळा म्हणजे सियान, गुलाबी म्हणजे मॅजेंटा, पिवळा आणि काळा. बाकी सगळे रंग यांच्या मिश्रणातून होतात. त्यातला एक बंद पडला की सगळं चित्र एका बाजूला झुकतं. ओळख अशी:

सियान येत नसेल तर चित्र लालसर-नारिंगी दिसतं.
मॅजेंटा येत नसेल तर हिरवट दिसतं. चेहरे आजारी वाटतात, ते यामुळेच.
पिवळा येत नसेल तर निळसर-जांभळट दिसतं.

नोझलच्या पानावर रेघा तुटलेल्या दिसल्या तर प्रिंटरच्या मेनूतून हेड क्लीनिंग करा. एकदा, फार तर दोनदा. तरी सुधारलं नाही तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा तपासा. नळीत शिरलेले हवेचे बुडबुडे बसायला वेळ लागतो. लागोपाठ पाच-सहा वेळा सफाई करू नका. प्रत्येक सफाईत शाई वाया जाते आणि ती जिथे साठते तो आतला पॅड लवकर भरतो.

नोझल बंद पडू नये म्हणून तीन सवयी लावा. काम असो वा नसो, दोन-तीन दिवसांनी चारही रंग असलेलं एक छोटं चित्र छापा. शाईची टाकी खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. शाई भरण्याआधी बाटली हळू उलटसुलट करा, रंग तळाला बसलेला असतो. जोरात घुसळू नका, फेस होतो. बाटलीवरची मुदत पाहूनच शाई घ्या.

आणि स्वस्त मिळाली म्हणून अर्ध्या टाकीत दुसऱ्या कंपनीची शाई ओतू नका. रंगाची छटा तर बदलतेच, वर दोन शाया एकमेकींशी न जुळून आत गाळ धरू शकतात. साध्या छपाईची शाई तर सबलिमेशनच्या प्रिंटरमध्ये अजिबात नको. तिची वाफच होत नाही.

तक्रार तिसरी: निळ्याचा जांभळा, भगव्याचा विटकरी

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. यात प्रिंटर बिघडलेला नसतो आणि प्रेसही ठीक असते. अडचण अशी की मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि आपण शाईने. पडद्यावरचे लखलखीत हिरवे, निळे, गुलाबी रंग शाईतून तसेच येत नाहीत. भडक निळा छापताना प्रिंटर सियान आणि मॅजेंटा मिसळतो. मॅजेंटा जरा जास्त झाला की निळ्याचा जांभळा होतो.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला, आयसीसी प्रोफाइल. ही एक छोटी फाइल असते. अमुक शाई, अमुक प्रिंटर आणि अमुक कागद असताना कोणता रंग किती सोडायचा, याचा तो हिशेब असतो. शाई विकणाऱ्याकडून ती मागून घ्या. चांगला विक्रेता ती देतो. शाई बदलली की प्रोफाइलही बदलायची. मोबाइलवरून थेट छापताना ही प्रोफाइल सहसा लागू होत नाही, म्हणून ऑर्डरचं काम संगणकावरूनच करा.

इथे एक घोळ नेहमी होतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल लावली असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमधली रंगदुरुस्ती बंद करायची, म्हणजे "नो कलर अॅडजस्टमेंट" निवडायचं. दोन्ही चालू राहिलं तर रंग दोनदा सुधारला जातो, म्हणजे बिघडतोच. भाजीत दोघींनी मीठ घातल्यासारखं होतं. मीठ कोणी घालायचं ते आधी ठरवा.

दुसरा उपाय, रंग फाइलमध्येच बदला. फाइल आरजीबीमध्ये ठेवा, कारण घरगुती प्रिंटर तसेच रंग वाचतात. निळा जांभळा येत असेल तर त्यात थोडा हिरवा वाढवा. उदाहरणार्थ ०, ०, २५५ ऐवजी ०, ७०, २०० असं काही करून पाहा. भगवा लालसर येत असेल तर लाल तसाच ठेवून हिरव्याचा आकडा थोडा थोडा वाढवा. पिवळसर येत असेल तर तोच आकडा कमी करा. तुमच्या यंत्रावर नेमका कोणता आकडा बसतो, ते छापून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून तिसरा आणि सगळ्यात पक्का उपाय, रंगांचा तक्ता. संगणकावर छोटे चौकोन करा: आठ-दहा भगवे, आठ-दहा निळे, काही हिरवे, पिवळे, लाल आणि त्वचेचे रंग. प्रत्येक चौकोनाखाली त्याचे आकडे लिहा. हे पान छापून पांढऱ्या पॉलिएस्टरच्या कापडावर प्रेस करा आणि कापड भिंतीवर टांगा. ग्राहक आला की त्याला मोबाइल बाजूला ठेवायला सांगा आणि म्हणा, "दादा, यातला कोणता भगवा, बोट ठेवा." त्याने बोट ठेवलं की आकडे ऑर्डरच्या वहीत लिहा. साडीच्या दुकानात आपण पदर हातात घेऊन रंग ठरवतो, तसंच हे. शाई, कागद किंवा कापड बदललं की तक्ता नवा करायचा.

फोटोच्या ऑर्डरीत अजून एक काळजी घ्या. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातले बारकावे जातात. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा.

तक्रार चौथी: काळा तपकिरी किंवा हिरवट

काळ्या रंगाला तव्यावरच्या भाकरीचा नियम लागू पडतो. कमी भाजली तर कच्ची, जास्त भाजली तर करपते. काळा तपकिरी दिसत असेल आणि सोबत शर्टही पिवळट झाला असेल, तर जास्त भाजलं गेलं. आधी वेळ पाच-दहा सेकंदांनी कमी करा. तरी फरक नाही तर तापमान पाच अंशांनी उतरवा. काळा हिरवट किंवा राखाडी दिसत असेल तर आधी उरलेला कागद पाहा. त्यावर बराच काळा राहिला असेल तर वेळ कमी पडला. कागद नीट उतरला असेल तर प्रोफाइल लावलेली नाही किंवा चुकीची लावली आहे.

आपल्या प्रेसची बरोबर वेळ शोधायला एक दिवस काढा. जुन्या पॉलिएस्टरच्या कापडाचे तुकडे करा आणि तोच छोटा काळा, लाल, निळा चौकोन वेगवेगळ्या आचेवर काढा: १८५, १९०, १९५ आणि २०० अंश. प्रत्येक ठिकाणी ४०, ५० आणि ६० सेकंद. एकूण १२ तुकडे होतील. प्रत्येकावर पेनने आकडे लिहा आणि उन्हात शेजारी-शेजारी मांडा. सगळ्यात गडद काळा आणि सगळ्यात पांढरं कापड ज्या तुकड्यावर आहे, तेच तुमच्या यंत्राचं माप. दुसऱ्या गटाचं माप वेगळं असू शकतं. पडद्यावरचा आकडा आणि तव्याची खरी उष्णता दर यंत्रात सारखी नसते.

तक्रार पाचवी: दुहेरी चित्र, डाग, चौकटीची खूण

चित्राला सावली: प्रेस उघडताना गरम कागद सरकला. उष्णतेची टेप दोन-तीन ठिकाणी लावा, झाकण एका झटक्यात उघडा आणि कागद गरम असतानाच सरळ वर उचला. ओढू नका.

कडा पसरलेल्या: वेळ किंवा उष्णता जास्त झाली.

बारीक निळे-लाल धाग्यासारखे डाग: हा शाईचा दोष नाही. हवेतला किंवा शेजारच्या शिलाई मशीनवरून आलेला धागा शर्टावर बसतो, गरम झाल्यावर त्याचा रंग शर्टात उतरतो. डोळ्यांना तो आधी दिसतही नाही. दर शर्टावर चिकट रोलर फिरवा. शिवणकाम आणि प्रेस शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा.

आधीच्या शर्टाचं चित्र पुढच्यावर उमटणं: वर-खाली घातलेल्या बटर पेपरवर रंग राहतो आणि पुढच्या वेळी तो पुन्हा उडतो. दर शर्टाला नवा बटर पेपर घ्या. टेफ्लॉन शीट वापरत असाल तर पुसत राहा. शर्टाच्या आतही एक बटर पेपर घाला, म्हणजे पुढचा रंग पाठीवर उतरणार नाही.

कागदाच्या कडेची चकाकणारी चौकट: दाब जास्त झाला. दाब कमी करा. शर्टाच्या आत मऊ फोमचा तुकडा घातला तरी फरक पडतो.

मध्येच पांढरे ठिपके किंवा पट्टे: सुरकुती राहिली, किंवा शिवण, कॉलर, बटण प्रेसखाली आलं आणि आजूबाजूला दाब बसला नाही.

पहिला शर्ट आणि पन्नासावा शर्ट वेगळा का?

ऑर्डर ५० शर्टांची असते. त्यातले दहा गडद आणि दहा फिके असतील तर मंडळाची पोरं एका रांगेत उभी राहिल्यावर फरक लगेच दिसतो.

सकाळचा पहिला शर्ट बहुधा फिका येतो, कारण वरचा तवा तापलेला असला तरी खालची पाटी थंड असते. प्रेस तापल्यावर एक-दोनदा रिकामीच बंद करून घ्या. प्रत्येक शर्टानंतर आकडा पुन्हा ठरलेल्या तापमानावर येईपर्यंत थांबा. घाई केली की पुढचा शर्ट कच्चा राहतो. गावात व्होल्टेज उतरतं तेव्हा तवा परत तापायला जास्त वेळ लागतो. ज्या वेळी शेतीपंप जोरात चालतात, त्या वेळी मोठी ऑर्डर काढू नका.

एका ऑर्डरचे सगळे शर्ट एकाच गाठोड्यातले, एकाच कंपनीचे घ्या. दोन गाठोड्यांतला पांढराही सारखा नसतो.

पावसाळ्यात विशेष काळजी

गणपतीच्या ऑर्डरी नेमक्या पावसात येतात. हवेतलं पाणी कागद शोषून घेतो आणि कपडाही. प्रेसखाली त्याची वाफ होते आणि रंगाला इकडेतिकडे ढकलते. मग रंगात ढग दिसतात, कडा फुटतात. म्हणून कागदाचं पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. छापलेला कागद काही मिनिटं वाळू द्या. आणि प्रत्येक शर्ट चित्र लावण्याआधी पाच-दहा सेकंद नुसता प्रेस करा. त्यात ओलही जाते आणि सुरकुतीही. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गटांनी हे बारा महिने करावं.

नोंदवही आणि नमुना

आपल्या बचत गटाचं सगळं काम वहीवर चालतं, तसंच छपाईचंही चाललं पाहिजे. प्रत्येक ऑर्डरला एक पान. त्यावर लिहा: तारीख, शर्ट कुठून घेतला, शाई आणि कागद कोणता, तापमान, वेळ, तक्त्यातले रंगाचे आकडे, किती शर्ट झाले, किती बिघडले आणि कशामुळे. प्रेसवर आज एक ताई असते, उद्या दुसरी. वही असली की दोघींच्या हातचा माल सारखा निघतो. बिघाडाचं कारण लिहिताना माणसाचं नाव लिहायचं नाही, कारण लिहायचं.

मोठ्या ऑर्डरीत आधी एकच शर्ट करा. तो ग्राहकाला उन्हात दाखवा, त्याची सही घ्या, मगच बाकीचे सुरू करा. मोबाइलवर फोटो पाठवून होकार घेऊ नका, कारण फोटोतही रंग बदलतो. शर्ट देताना सांगा: उलटा करून साध्या पाण्यात धुवा आणि चित्रावर कडक इस्त्री फिरवू नका. पहिल्याच धुण्यात रंग गेला तर समजा, कापडात सूत होतं.

थोडा हिशेब

समजा, कोरा शर्ट, कागद, शाई मिळून एका शर्टाला १३० रुपये खर्च येतो आणि आपण तो २०० रुपयांना देतो. ५० शर्टांचे १०,००० रुपये मिळतात, माल ६,५०० रुपयांचा लागतो. वीज आणि मजुरी सोडून ३,५०० रुपये उरतात. आता आठ शर्ट बिघडले तर ५८ शर्टांचा माल लागतो, म्हणजे ७,५४० रुपये. उरतात २,४६०. आठ शर्टांनी हजारावर रुपये खाल्ले आणि दिवसाची मेहनत गेली ती वेगळीच. चिंधीवर केलेली चाचणी यापुढे काहीच नाही. तुमच्या भागातले दर घालून हाच हिशेब गटात करून पाहा.

जिवाची काळजी

प्रेस उघडताना निघणारी वाफ छातीत घेऊ नका. खिडकी उघडी ठेवा, पंख्याची हवा बाहेर जाईल अशी करा. हीट प्रेस जास्त वीज ओढते, म्हणून ती १६ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवरच लावा. अर्थिंग तपासून घ्या. मिक्सरच्या बोर्डावर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. ओल्या हाताने हात लावायचा नाही. लहान मुलं प्रेसच्या खोलीत नकोत. पदर, ओढणी खोचून बसा.

पुढच्या बैठकीत करायचा सराव

१. गटातला एक बिघडलेला शर्ट आणि त्याचा कागद आणा. वरची तीन लक्षणं पाहून दोष पाचांपैकी कुठे आहे, ते प्रत्येकीने आधी वेगवेगळं लिहा आणि मग चर्चा करा.

२. तुमच्याकडच्या तीन शर्टांचे धागे जाळून कापड ओळखा.

३. १२ तुकड्यांची चाचणी करा आणि तुमचं माप प्रेसशेजारी भिंतीवर लावा.

४. भगव्याचा आणि निळ्याचा तक्ता तयार करा. गटातल्या सगळ्यांनी मिळून मंडळाला कोणता द्यायचा ते ठरवा.

५. मागच्या तीन ऑर्डरींत किती शर्ट बिघडले आणि त्यात किती पैसे गेले, ते वहीतून काढा. वही नसेल तर आजच सुरू करा.

ज्या गटांचा हात यात बसला आहे, त्यांनी आपला तक्ता आणि माप शेजारच्या गटाला दाखवावं. ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, कोणती प्रशिक्षणं चालू आहेत याची चौकशी करावी. यंत्र घेण्याआधी एखाद्या चालू गटाकडे दोन दिवस बसून काम पाहा. कर्ज काढून यंत्र आणायचं, तर रंग ओळखायची नजर त्याच्याआधी आलेली बरी.